हातब्रेक : उभी गाडी उभी ठेवणारे चाक (थ्रेड)

१/
पाचोरा ते जामनेर या ५६ किलोमीटरच्या नॅरोगेज गाडीला खानदेशात सगळे ‘पीजे’ म्हणूनच ओळखतात. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर ही तिच्या वाटेवरची गावे. कापसाच्या या पट्ट्यात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास ती धावू लागली. मोठ्या मार्गांचे इतिहास पूल, बोगदे आणि वेग यांनी भरलेले असतात. रेल्वेपुढचा एक साधा पण जुना प्रश्न मात्र पहूरसारख्या लहान स्थानकाच्या उदाहरणाने अधिक नीट कळतो. धावती गाडी थांबवणे हे एक काम आणि थांबलेली गाडी जागेवर राखणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाचा हा इतिहास.

२/
समजा, पहूरच्या बाजूच्या रुळावर कापसाच्या गाठींनी भरलेली एक वाघीण सोडून इंजिन पाचोऱ्याकडे निघून गेले आहे. पाचोऱ्याला हा माल ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायचा, म्हणून पुढच्या फेरीपर्यंत तिला इथेच उभे राहायचे आहे. रूळ डोळ्यांना सपाट दिसतो. पण रेल्वेत सपाट म्हणजे काय, हे डोळ्यांनी ठरत नाही.

३/
भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार ब्रॉडगेज स्थानकाच्या आवारात ४०० मीटरला १ मीटर यापेक्षा अधिक उतार विशेष परवानगीवाचून ठेवता येत नाही. १२०० मीटरला १ मीटर हा उतार त्याहून चांगला मानला जातो. इतकी काटेकोर मर्यादा का? कारण १ : ४०० या उतारावर दर टन वजनामागे अडीच किलोचा ओढा तयार होतो. २० टनांच्या वाघिणीवर तो ५० किलो भरतो. पोलादी चाक पोलादी रुळावर इतके हलके फिरते, की रोलर बेअरिंगच्या वाघिणीला चालू लागायला एवढे बळही पुरू शकते. त्यात वाऱ्याची किंवा शेजारच्या डब्याच्या धक्क्याची भर पडली, की संपलेच.

४/
ज्या गुणामुळे रेल्वे स्वस्तात माल वाहते, तोच तिचा धोकाही आहे. बैलगाडी सोडून दिली तर मातीच तिला धरून ठेवते. आगगाडीला धरून ठेवणारे काही नसते. तिला बांधावे लागते. या बांधण्याचे सर्वांत जुने आणि आजही वापरात असलेले साधन म्हणजे हातब्रेक.

५/
त्याची रचना पाहू. गार्डाच्या डब्यात एक उभा दांडा असतो आणि त्याच्या माथ्यावर हाताने फिरवायचे चाक. दांड्याच्या खालच्या भागावर मळसूत्राचे आटे आणि आट्यांवर एक नट. चाक फिरवले की नट वर सरकतो, त्याला जोडलेली तरफ वळते, तरफ डब्याखालची आडवी आस फिरवते, आस लांब सळया ओढते आणि सळयांच्या टोकांचे बिडाचे ठोकळे चाकांच्या धावांवर दाबले जातात. वाफ नाही, हवा नाही, वीज नाही. माणसाचा दंड आणि लोखंड, एवढीच सामग्री.

६/
माणसाचा दंड २० टनांना कसा पुरा पडतो? उदाहरणादाखल हिशेब करू. हातचाकाचा व्यास ४० सेंटिमीटर आणि मळसूत्राच्या एका फेऱ्यात नटाची सरक १२ मिलिमीटर. हात सुमारे १२५ सेंटिमीटर फिरतो तेव्हा नट जेमतेम सव्वा सेंटिमीटर चढतो. म्हणजे बळ शंभरपट. त्यातला मोठा वाटा आट्यांचे घर्षण खाऊन टाकते. एक चतुर्थांश जरी उरला, तरी २० किलोच्या जोराचे ५०० किलो होतात. पुढे तरफांनी ते पाचपट केले, तर ठोकळ्यांवर अडीच टनांचा दाब येतो.

७/
आता गंमत अशी की घर्षण हा इथे चोरही आहे आणि पहारेकरीही. मळसूत्राचे आटे पुरेसे चपटे असतील, तर चाकावरचा हात काढल्यावरही नट मागे घसरत नाही. दाब तसाच टिकतो. तो टिकवायला कोणी जागत बसावे लागत नाही. आट्यांत वाया गेलेल्या बळाची परतफेड हातब्रेक अशी करतो. दुसरी कोणतीही ब्रेकपद्धती इतक्या कमी सामग्रीत हे साधत नाही.

८/
मालवाघिणींसाठी याहून स्वस्त रचना निघाली. भारतीय चारचाकी वाघिणींना बाजूला एक लांब तरफ असे. कर्मचाऱ्याने ती खाली दाबायची, गरज पडल्यास वर उभे राहून अंगाचा भार टाकायचा आणि खाली बसलेली तरफ खाचांमध्ये अडकवायची. मळसूत्राचे काम इथे खाच करते. अमेरिकेत तिसरा प्रकार रुजला. उभ्या दांड्यावर साखळी गुंडाळायची आणि दातेरी चाकात खटका अडकवून ती ताणलेली ठेवायची. तत्त्व तिन्हींत एकच आहे. बळ माणसाने द्यायचे आणि ते राखून ठेवायचे लोखंडाने.

९/
आज हातब्रेक उभ्या गाडीपुरता उरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र धावती गाडीसुद्धा याच चाकाने थांबवली जाई. इंजिनावर एक ब्रेक, गाडीत एक-दोन ब्रेकचे डबे, प्रत्येकात एक माणूस. ड्रायव्हरने शिट्टी द्यायची आणि मागच्या माणसांनी ती ऐकून चाके आवळायची. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे ‘गार्डाने ब्रेक लावावा’ हा भारतीय रेल्वेच्या शिट्ट्यांच्या संकेतांतील इशारा त्याच काळाची आठवण आहे.

१०/
या पद्धतीची खरी परीक्षा सह्याद्रीत झाली. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत १,८३१ फुटांची चढण आणि ठिकठिकाणी ३७ फुटांना १ फूट असा उतार. मार्ग आखणारे अभियंते जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले आणि कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पुढे चालवले. डोंगर फोडणाऱ्या हजारो मजुरांपैकी किती पटकीने आणि अपघातांनी गेले, याची नीट मोजदाद कधी झाली नाही.

११/
वरचाच हिशेब घाटाला लावून पाहा. ठोकळ्यांवर अडीच टन दाब असला आणि घर्षणाने त्याचा सातवा हिस्सा पकडीला आला, तर पकड होते सुमारे ३६० किलोची. १ : १०० उतारावर २० टनांची वाघीण २०० किलोने ओढते. तिथे ही पकड पुरून उरते. १ : ३७ वर तीच वाघीण ५४० किलोने ओढते. तिथे ती अपुरी पडते. अशा वाघिणींची रांग असली आणि ब्रेक मोजक्याच डब्यांना असला, तर भार कितीतरी पट वाढतो. घाट उतरणे ही हातब्रेकच्या मर्यादेशी रोजची झुंज होती.

१२/
म्हणून घाटातील काही इंजिनांना थेट रुळावर दाबून घासणारे ब्रेक दिले गेले. दुसरी तजवीज अधिक विलक्षण होती आणि तिने रेल्वेची मानसिकता उघड केली. घाटात जागोजागी चढणीवर जाऊन संपणारे फाटे बांधले गेले. सांधा नेहमी त्या फाट्याकडे वळवलेला असे. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे, मगच सांधेवाल्याने तिला मुख्य मार्ग द्यायचा. जी थांबू शकली नाही ती फाट्यावर चढे आणि तिचा वेग तिथे मरे. अभियंत्यांनी ब्रेकवर विश्वास ठेवला नव्हता. ब्रेक फसणार, हे धरूनच त्यांनी रूळ आखले होते.

१३/
अमेरिकेत हीच झुंज वाघिणींच्या छपरावर चाले. ब्रेकचे चाक छपराशी असे. शिट्टी झाली की ब्रेकमन धावत्या गाडीच्या टपावरून एका वाघिणीवरून दुसरीवर उडी मारत जाई आणि चाकाच्या आऱ्यांत जाड दांडके घालून ते आवळे. पाऊस, बर्फ, अंधार, काहीही असो. पाय घसरला की खाली चाके. या कामगारांसाठी आयोवातील शेतकरी लोरेन्झो कॉफिन यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. अखेर १८९३ मध्ये कायदा झाला. गाडीचा वेग आवरण्यासाठी ब्रेकमनला हातब्रेक वापरावा लागू नये, इतक्या वाघिणींना इंजिनातून चालणारे ब्रेक असणे बंधनकारक ठरले.

१४/
ब्रिटनमध्ये कायदा बदलायला एक मोठा अपघात घडावा लागला. १२ जून १८८९. आयर्लंडमधील आर्मा गावाहून शाळकरी मुले आणि त्यांची कुटुंबे सहलीला निघाली होती. ७५ फुटांना १ फूट अशा चढावर गाडी अडकली. गाडीचा पुढचा भाग आधी वर नेऊ, असे ठरले आणि मागचे १० डबे सोडवले गेले. गाडीला निर्वात ब्रेक होता, पण इंजिनापासून तुटताच निकामी होणारा. मागच्या डब्यांना आधार उरला एका गार्डाच्या हातब्रेकचा आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांचा.

१५/
पुढचा भाग निघताना किंचित मागे आला. त्या धक्क्याने दगड चिरडले आणि हातब्रेकच्या आवाक्याबाहेरचे वजन उतारावर सुटले. खालून दुसरी गाडी चढत येत होती. सुमारे ८० माणसे मेली. त्यात मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. ‘स्वयंचलित’ या शब्दातच सारे मर्म होते. गाडी तुटली, नळी फुटली, तर कोणी न सांगता ब्रेक लागलाच पाहिजे.

१६/
जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्येच अशी युक्ती शोधली होती. प्रत्येक डब्याखाली दाबाच्या हवेची टाकी. नळीतील दाब टिकून असेपर्यंत ब्रेक मोकळा. दाब गेला की टाकीतील हवा ब्रेक आवळते. भारतात दीर्घकाळ निर्वात ब्रेक चालला. त्याची युक्ती उलट दिशेने तीच. नळीतील हवा इंजिन शोषून घेते तोवर ब्रेक मोकळा, नळीत हवा शिरली की ब्रेक लागला. बिघाड झाला तर गाडी थांबावी, पळू नये, हे तत्त्व दोन्हींनी पक्के केले.

१७/
यानंतर गार्डाचे हातचाक रोजच्या धावपळीतून मागे सरले. डोंगरी गाड्यांत मात्र ते टिकले. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर २० फुटांना १ फूट असा उतार आहे. तिथे डब्याडब्यावर ब्रेक सांभाळणारे कर्मचारी असत आणि इंजिनाच्या शिट्टीवर हातांनी चाके आवळत. मे २०१६ मध्ये लागोपाठ दोनदा डबे घसरले, सेवा बंद झाली आणि पुन्हा सुरू करताना डब्यांना हवेचे ब्रेक बसवले गेले. एकोणिसाव्या शतकातील ब्रेकमनचे काम महाराष्ट्रात एकविसाव्या शतकापर्यंत जिवंत होते.

१८/
इथवरची कथा सरळ वाटते : हात गेला, हवा आली. पण याच कथेत एक विसंगती दडली आहे. १८९३ च्या ज्या अमेरिकी कायद्याने धावत्या गाडीतून हातब्रेकची सक्ती काढली, त्याच्याच १९१० च्या पुरवणीने प्रत्येक वाघिणीला कार्यक्षम हातब्रेक असलाच पाहिजे, असे फर्मावले. हवेचे ब्रेक सर्वत्र पोहोचल्यावर कायदा पुन्हा हाताकडे का वळला?

१९/
कारण हवा गळते. स्वयंचलित ब्रेक गाडी हमखास थांबवतो, पण तिला अमर्याद काळ धरून ठेवत नाही. ठोकळे दाबून धरणारी हवा सिलिंडरांतून हळूहळू झिरपते. निर्वात ब्रेकमध्ये बाहेरची हवा हळूहळू आत शिरते. इंजिन सुरू असेल तर तो तोटा भरून निघतो. इंजिन गेले किंवा बंद पडले की घड्याळाची टिकटिक सुरू होते. दगदगीच्या दिवसाअखेरीस आवळलेले ठोकळे मध्यरात्री सैल होतात, आणि तेव्हा तिथे कोणी नसते. पहूरच्या त्या एकट्या वाघिणीचा प्रश्न हाच आहे.

२०/
या प्रश्नाचे सर्वांत भीषण उत्तर ६ जुलै २०१३ रोजी कॅनडात मिळाले. पाच इंजिने आणि खनिज तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी रात्री नांत गावाजवळ १.२ टक्के उतारावर उभी केली होती. चालकाने हातब्रेक लावले होते सात. पुरतात का, याची चाचणीही घेतली. पण चाचणी घेताना इंजिनांचा हवेचा ब्रेक सोडलेला नव्हता. गाडी जागची हलली नाही ती हवेमुळे, आणि श्रेय मिळाले हातब्रेकना.

२१/
नंतर चालू ठेवलेल्या इंजिनाला आग लागली. अग्निशामकांनी ती विझवली आणि इंजिन बंद केले. हवेची भर थांबली, दाब उतरत गेला आणि सुमारे तासाभरात गाडी आपोआप सुटली. ११ किलोमीटर खाली लाक-मेगांतिक गावाच्या मध्यभागी ती घसरली, तेल पेटले आणि ४७ माणसे मेली. तपास मंडळाच्या हिशेबाने त्या उतारावर ७ नव्हे, १७ ते २६ हातब्रेक लागणार होते.

२२/
भारतात असाच प्रसंग २५ फेब्रुवारी २०२४ रोजी घडला. जम्मूतील कठुआ स्थानकात उभी असलेली गिट्टीची ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना उतारावर निघाली आणि थेट पंजाबातील उंची बस्सीपर्यंत, ७० किलोमीटरहून अधिक धावली. वाटेतली फाटके बंद करून, मार्ग मोकळा करून, अखेर रुळांवर अडथळे ठेवून तिला थांबवले गेले. कोणी दगावले नाही, हे नशीब. प्राथमिक चौकशीत हातब्रेक न लावल्याची बाब पुढे आली.

२३/
दोन्ही घटनांत यंत्र मोडले नव्हते. हातब्रेक जागच्या जागी होते. कॅनडात ते पुरेसे फिरवले गेले नाहीत, कठुआत फिरवलेच गेले नाहीत. या रचनेचा कमकुवत दुवा तिच्या बलस्थानाशीच जोडलेला आहे. स्वयंचलित ब्रेक माणूस विसरला तरी लागतो. हातब्रेक माणसाने लावला तरच लागतो. मात्र एकदा नीट लावला, की तो हवेच्या दाबासारखा रातोरात ओसरत नाही.

२४/
मग माणूस तो टाळतो का? आळस हे अर्धेच उत्तर आहे. प्रत्येक हातब्रेकसाठी वाघिणीपाशी चालत जायचे, गिट्टीवर तोल सांभाळत चाक आवळायचे आणि निघताना तितकीच पायपीट करून ते सोडायचे. एखादा सोडायचा राहिला, तर जखडलेले चाक रुळावर घासत जाते, त्याचा एक भाग सपाट होतो, ठोकळा तापून ठिणग्या उडतात. लावला नाही तर गाडी पळते, सोडला नाही तर चाक जळते. दोन्ही चुकांचा जाब त्याच माणसाला द्यावा लागतो.

२५/
विसाव्या शतकातील सुधारणा या कष्टाभोवतीच फिरल्या. अमेरिकेत चाक छपरावरून खाली, वाघिणीच्या टोकाशी आले. आत दातेरी चक्रांची पेटी बसली, त्यामुळे थोड्या बळात साखळी अधिक ताणली जाऊ लागली. एका झटक्यात ब्रेक सोडणारी कळ आली. भारतातील बोगी वाघिणींनाही तरफेऐवजी बाजूला हातचाक मिळाले. त्याच्या जोडीला चाकांखाली लाकडी पाचर आणि रुळाशी साखळदंड-कुलूप हे जुने उपाय नियमांत कायम आहेत. बोरघाटाच्या अभियंत्यांचा धडा तोच होता : एकाच पकडीवर विसंबू नये.

२६/
पीजे मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि नॅरोगेज म्हणून पुन्हा धावली नाही. हा मार्ग ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर झाला आहे. नव्या रुळांवरची भरलेली आठचाकी मालवाघीण ८० टनांहून जड असते. १ : ४०० उतारावर तिचा ओढा ५० ऐवजी २०० किलोंचा होईल. आकडे चौपट होतील, भौतिकशास्त्र तेच राहील.

२७/
दीडशे वर्षांत गाडीचे इंजिन वाफेवरून डिझेलवर आणि विजेवर गेले. सिग्नलचा हात जाऊन दिवा आला. जानेवारी २०२२ पासून गार्डाचे नावही ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. पण इंजिन सोडून उभ्या केलेल्या वाघिणीपाशी अजूनही एका माणसाला चालत जावे लागते, चाक हाताने आवळावे लागते आणि ठोकळे चाकाला भिडले की नाही, हे वाकून पाहावे लागते. वेळापत्रकात या कामाला रकाना नसतो. ते नीट झाले, तर सकाळी वाघीण जिथल्या तिथे असते आणि कोणाच्याच काही लक्षात येत नाही.

#रेल्वेइतिहास #खानदेश #पाचोराजामनेर